रिक्षा थांबली, पण तिच्या पलीकडून काय येतंय?

प्रश्न : घराजवळ चार पदरी रस्ता आहे. तिथल्या झेब्रा क्रॉसिंगला सिग्नल नाही. रिक्षावाले थांबून ‘जा’ म्हणून हात करतात, मी निघते आणि पलीकडून दुचाकी सुसाट येते. चूक कोणाची? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुचाकीस्वाराची. २०१७च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे अशा क्रॉसिंगपाशी वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला वाट द्यायची असते. पण थांबलेली रिक्षा मधे आडोसा होते. तुम्ही त्याला दिसत नाही, तो तुम्हाला दिसत नाही. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. तुम्ही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढं अंतर ब्रेक न लागताच संपतं आणि कोरड्या डांबरावरही पुढे आणखी तितकंच लागतं. वेग ३०चा असेल तर त्या पहिल्या १४ मीटरांतच गाडी उभी राहते.

म्हणून रिक्षासमोरून तिच्या पलीकडच्या कडेपर्यंतच जा. तिथे थांबून, मान पुढे काढून दुसरा पदर बघा, मगच पुढचं पाऊल. रस्त्यात दुभाजक असेल तर तिथे परत थांबा.

रिक्षावाल्यांसाठीही दोन शब्द : पट्ट्यांना चिकटून नको, चार-पाच मीटर अलीकडे थांबा. मागच्याला पादचारी दिसतो. आणि हात करून बोलावू नका. शेजारच्या पदराची हमी तुम्ही कशी देणार?

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. अर्ध्या रस्त्यात असतानाच सिग्नलवरचा हिरवा माणूस लुकलुकायला लागतो. मागे फिरावं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, आहे त्या चालीने पलीकडे जा. लुकलुकणं हे फूटपाथवर उभ्या असलेल्यांसाठी असतं : आता उतरू नका. १४ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटरच्या चालीने १२ सेकंदांत संपतो. वडिलांची चाल ०.८ असेल तर साडेसतरा लागतात. हिरवा नुकताच लागला असेल तेव्हाच त्यांना उतरवा, आधीपासून चालू असलेला हिरवा सोडून द्या. हिरव्याचे आणि लुकलुकण्याचे सेकंद घड्याळ लावून मोजा, रस्त्याची रुंदी मोजा आणि हे आकडे वाहतूक पोलिसांना व महापालिकेला लेखी द्या. ‘वेळ कमी पडते’ एवढ्या मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

प्रश्न : पुढे गाड्या तुंबल्या म्हणून मी पट्ट्यांवर थांबलो, सिग्नल तर हिरवाच होता. यात नियम मोडला का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हो. पलीकडे गाडी मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय पट्ट्यांवर चढायचंच नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो.