लँड क्रूझरसारखी अवजड एसयूव्ही ताशी ३५० किमीच्या पुढे जाऊ शकते का?

हो, आणि ती गेलीही आहे. टोयोटाने २०१६ मध्ये लास वेगासच्या सेमा शोमध्ये, म्हणजे बदल केलेल्या गाड्या आणि सुट्या भागांच्या प्रदर्शनात, ‘लँड स्पीड क्रूझर’ ही एकच बनवलेली खास गाडी मांडली. मे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या धावपट्टीवर ती ताशी २३० मैल, म्हणजे सुमारे ३७० किमी वेगाने धावली. स्टिअरिंग हाती होतं नॅसकार या अमेरिकन मोटार शर्यतींचे माजी शर्यतपटू कार्ल एडवर्ड्स यांच्या.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती इंजिनाची गोष्ट. मूळ ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिनच ठेवलं, पण आतले भाग मजबूत केले आणि इंजिनात जादा हवा कोंबणारे दोन मोठे टर्बो बसवले. कारखान्यातून निघताना जेमतेम ३८० अश्वशक्ती देणारं हे इंजिन २,००० च्या घरात गेलं!

एवढी ताकद लागतेच, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो, आणि तो दुप्पट वेगाने कापायचा म्हणून शक्ती आठपट हवी. त्यात लँड क्रूझर म्हणजे चालतं कपाटच, समोरून रुंद आणि उंच.

पण खरी कसोटी स्थिरतेची. या वेगात गाडीखाली शिरलेली हवा तिला उचलू पाहते, चाकांची पकड सुटते. म्हणून सस्पेन्शन बदलून गाडी जमिनीलगत आणली, आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा बसवला. बाहेरून मात्र ती लँड क्रूझरच दिसते, आणि मला तेच फार आवडतं.

हे घरच्या गाडीवर करून पाहू नका. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स काहीच त्या वेगासाठी बनलेलं नसतं.