आधी एकटीने भेट

प्रश्न : ताई, मेनोनाइट म्हणजे शस्त्र हाती न घेणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्याच जॉन हॉवर्ड योडर या अहिंसेच्या विचारवंताने कित्येक स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केल्याचं वाचलं. युद्धाला नकार देणाऱ्यांना आपल्याच माणसाला अडवता कसं आलं नाही?

उत्तर : अमेरिकेत इंडियानातल्या एल्खार्टला मी बारा वर्षं राहिले. शेजारीण जन्माने मेनोनाइट. योडरांचं नाव निघालं की ती उठून सिंककडे जायची, धुतलेलेच कप पुन्हा धुवायची.

योडर तिथल्याच मेनोनाइट सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत, शिकवायचे. तक्रारी सत्तरच्या दशकातच प्रमुखांपर्यंत पोचल्या होत्या. पत्रं झाली, बंद दाराआड करार झाले. १९८४ मध्ये योडर राजीनामा देऊन गेले; कारण गुलदस्त्यात. नोत्र दाम विद्यापीठातलं त्यांचं शिकवणं चालूच राहिलं.

माझ्या मते गाठ आहे ती बायबलातल्या मत्तयच्या १८व्या अध्यायात. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने. मग चर्चच्या मंडळीपुढे मांड. १५२७च्या श्लाइटहाइम कबुलीत, म्हणजे या परंपरेच्या सुरुवातीच्या श्रद्धा-जाहीरनाम्यातही, हाच नियम आहे. बरोबरीच्या दोघांत बांधावरून तंटा असेल तर नियम झकास! पण ज्याच्या हाती तुमचे गुण आणि शिफारसपत्र, त्याच्या खोलीत विद्यार्थिनीने परत एकटीने जायचं? योडर नेमका हाच अध्याय पुढे करायचे : आरोप करणारीने मला समोरासमोर भेटावं. ती गेली नाही, तर समेट नको असलेली तीच ठरायची. 'तेव्हाचा काळ वेगळा होता' हे मला पटत नाही. पत्रं लिहिणाऱ्या बायका त्याच काळातल्या होत्या.

१९९२ मध्ये आठजणी एकत्र येऊन चर्चच्या समितीपुढे बोलल्या, तेव्हा कुठे योडरांचा धर्मसेवेचा परवाना स्थगित झाला. १९९७ मध्ये ते वारले. इतिहासकार रेचल वॉल्टनर गूसन यांचं संशोधन आलं २०१५ मध्ये. पीडितांचा आकडा शंभराच्या वर. त्याच मार्चमध्ये सेमिनरीने शोकप्रार्थना ठेवून माफी मागितली.

शेजारीण त्या प्रार्थनेला गेली नाही. कप धुता धुता म्हणाली, "त्या वर्षी मी त्या आठजणींवरच चिडले होते. चर्चचं नाव पेपरात आणलं म्हणून."