ऑल-माउंटन स्कीची रचना बदलली की तिची चाल कशी बदलते? ८८ मिमीची घेऊ की १०२ची?

तुम्ही दादरला राहता, वर्षातून एकदा आठवडाभर गुलमर्गला जाता, आजवर भाड्याच्या स्की वापरल्या आणि आता स्वतःची ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी, जोडी घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो १०२ मिमीची घ्या, सगळीकडे चालेल. मी म्हणेन ८५ ते ९० मिमीमध्ये शोधा.

हा आकडा स्कीच्या कमरेचा, म्हणजे बुटाखालच्या सर्वांत अरुंद भागाचा. कंबर रुंद असली की ताज्या भुसभुशीत बर्फात स्की कमी बुडते, हे खरंच आहे. पण कडक बर्फावर स्की कलवली की सगळा भार एका धारेवर येतो, आणि ती धार पायाच्या मध्यरेषेपासून रुंदीच्या निम्म्या अंतरावर असते. ८८ला ४४ मिमी, १०२ला ५१. अंतर वाढलं की बर्फ स्कीला परत आडवी पाडायला जास्त जोर लावतो आणि तो जोर तुमचा घोटा आणि गुडघा सोसतो. शिवाय एका धारेवरून दुसरीवर जायला वेळ लागतो. वर्षभर बर्फ न पाहिलेल्या पायांना हे दुसऱ्याच दिवशी जाणवतं.

स्कीची कड आत वळलेली असते, तोच साइडकट. त्याची त्रिज्या स्कीवर छापलेली असते. ऑल-माउंटनमध्ये ती बहुधा १४ ते १८ मीटर. पण तुमचं वळण तेवढंच मोठं येईल असं नाही. ढोबळ हिशेब असा की छापलेल्या त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. १६ मीटरची स्की ४५ अंशांत कलवली तर वळण साधारण ११ मीटरचं, ६० अंशांत ८ मीटरचं. अट एकच: स्की वाकली पाहिजे, पण पिळली जाता कामा नये.

हा पीळ सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचा आकडा सहसा कुठेच छापलेला नसतो. प्लास्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून पिळून बघा. ती किती सहज वळते! स्कीचं टोक असं वळलं, तर बुटाखाली धार रुतलेली असते आणि पुढे मात्र ती बर्फावरून घसरत असते. तो पीळ रोखण्यासाठी लाकडी गाभ्याभोवती फायबरग्लासचे थर देतात, काही स्कींमध्ये टायटनालचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, पत्रेही असतात. पत्र्याने पकड वाढते, थरथर कमी होते, पण वजनही वाढतं. दुपारी तुडवून ओबडधोबड झालेल्या बर्फात जड स्की शांत राहते, हलकी उधळते. उलट कमी वेगात छोटी वळणं घेणाऱ्याला जड, ताठ स्की दमवते. तुमच्यासाठी मी दोन पूर्ण पत्र्यांची स्की टाळेन. पत्रा टोकाकडे निमुळता केलेली किंवा मुळीच पत्रा नसलेली, पण पिळाला चिवट अशी बघेन. दुकानात शेपूट पायांत पक्की धरून टोक हाताने पिळून पाहा. दोन जोड्यांतला फरक लगेच कळतो.

मग कॅम्बर आणि रॉकर. जोडीचे तळ एकमेकांना लावून धरा. मधे फट दिसते तो कॅम्बर. तुमचं वजन पडलं की ही कमान सपाट होते आणि दाब पुढे-मागे पसरतो, म्हणून कडक बर्फावर पकड येते. टोकाजवळ दोन्ही स्की एकमेकींपासून दूर जातात तो रॉकर. २००२च्या सुमारास स्कीपटू शेन मॅककॉन्कीच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची ‘स्पॅच्युला’ ही स्की आली, पूर्ण उलट्या कमानीची, खोल बर्फासाठी. आजच्या ऑल-माउंटनमध्ये त्याचा संयमित अंश असतो: टोकाला रॉकर, बुटाखाली कॅम्बर. रॉकर लांब असेल तर स्की फिरवायला सोपी, पण कडक उतारावर प्रत्यक्ष टेकणारी धार तेवढी आखूड. म्हणून लांब रॉकरची स्की थोडी लांबच घ्यायची.

तुमचे बहुतेक दिवस वाटाड्यासोबत गुलमर्गच्या अफरवत शिखराच्या वरच्या, यंत्राने न दाबलेल्या बर्फात जात असतील, तर मात्र विक्रेत्याचं म्हणणं बरोबर आहे. तिथे १०२ सुखाची. कोंगडोरीच्या (गोंडोलाचा मधला थांबा) आणि खालच्या दाबलेल्या उतारांवर जात असतील तर ८८.

आणि मुंबईत ती ठेवायची कशी, हे विक्रेते सांगत नाहीत. जुलैच्या दमट हवेत पोलादी धारा गंजतात. परत आल्यावर धारा कोरड्या पुसा, तळावर आणि धारांवर मेणाचा जाड थर देऊन तो पुढच्या हंगामापर्यंत खरवडू नका, आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीत गुंडाळू नका. खरेदीआधी गुलमर्गला दोन्ही रुंदींच्या स्की एकाच दिवशी भाड्याने घेऊन बघाल तेव्हा आधी नखाने धार तपासा. बोथट धारेची ८८, धारदार १०२पेक्षा जास्त घसरेल आणि तुलना फुकट जाईल.