नाथसागराच्या काठावर लग्न आहे, चेहरे काळे यायलेत

प्रश्न : ताई, माझ्या चुलतबहिणीचं लग्न फेब्रुवारीत पैठणला, नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठाला लागून असलेल्या शेतात आहे. गोरज मुहूर्त, माणसं शंभर-सव्वाशेच, डीजे नाही, स्टेज नाही. फोटोचं काम माझ्यावर आलंय. माझ्याकडं किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) आणि कमी उजेडात चालणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे. परवा संध्याकाळी जाऊन ट्रायल घेतली तर पाणी मस्त यायलंय पण माणसं काळीठिक्कर. काय करू? – एक वाचक, अंबड

उत्तर : भाऊ, ट्रायल घेतलीस तिथंच अर्धं काम झालं बघ. पैठणच्या बाजूनं पाणी पश्चिमेला पसरलेलं आहे, म्हणजे सूर्य पाण्यावरच मावळतो आणि पाणी मागं घेतलं की ऊन नवरा-नवरीच्या पाठीवर. कॅमेरा चकाकणारं पाणी धरून सगळ्याची सरासरी काढतो अन् चेहरे बुडवतो. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिकाणचा उजेड मोजणं) चेहऱ्यावर लाव, नाहीतर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढव, आभाळ थोडं पांढरं पडलं तरी पडू दे, बहिणीचा चेहरा जास्त महत्त्वाचा आहे. फाइल रॉमध्येच (कॅमेऱ्याची मूळ, नंतर सुधारता येणारी फाइल) ठेव.

पण खरं सांगू का, सगळ्यात मोठा फरक पडतो तो अंतरपाट कुठल्या दिशेनं धरतात त्यानं. दोघं पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहिले तर एकाच्या तोंडावर ऊन अन् दुसऱ्याच्या पाठीवर, मग तू दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडं बघत काढलंस तर पाणी फ्रेमच्या डाव्या हाताला येतं आणि उन्हाचा त्रास निम्मा होतो. मी सुरुवातीच्या दिवसांत हे न विचारता एका तळ्याकाठच्या लग्नात गेले होते, मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीचा एक धड फोटो नव्हता, ती हळहळ अजून जात नाही. म्हणून आदल्या दिवशीच गुरुजींना विचार, आणि मांडवाला लाल-पिवळं कापड नको म्हणून काकांना सांग, तो रंग थेट गालावर उतरतो. पांढरं किंवा फिकट कापड बघा.

फेब्रुवारीच्या मध्यात तिथं सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. त्यामुळं घरच्यांचे, आजी-आजोबांचे फोटो साडेपाचलाच उरकून घे, मुहूर्तानंतर जेवणाची घाई असते, कुणी थांबत नाही. अक्षता हवेत पकडायच्या तर शटर १/५०० सेकंद तरी पाहिजे, उजेड कमी झालेला असतो तेव्हा किट लेन्स काढून ५० लाव आणि आयएसओ (उजेड पकडण्याची संवेदनशीलता) १६००-३२०० करायला घाबरू नको. थोडे दाणे दिसले तर दिसू दे, हललेला फोटो मात्र नंतर दुरुस्त होत नाही. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ आणि पाणी दोन्हीकडून मऊ उजेड येतो, तेवढा वेळ जोडी तुझी, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेव.

ड्रोनचं कुणी सुचवलं तर परवानगी नसताना नको म्हण. तिथं धरण आहे आणि जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी आलेले असतात, ड्रोनची घरघर ऐकून थवा उठतो.

आणि पाणी मागं सरकलेलं असेल तिथं वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो, पाय घोट्यापर्यंत जातो. पैठणी नेसलेल्या बहिणीला तिकडं नेऊ नको, तू आधी चालून बघ अन् पक्क्या जागी खुणेची काठी रोवून ठेव.