मासा दिसतो तिथे नसतो

धनुष्यबाणाने मासे मारण्याचा छंद सुरू करू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मी दोन वर्षे निशाणाची तिरंदाजी करतो. तेच कंपाउंड धनुष्य चालेल का?

चालेल, पण अडचणीचे होईल. निशाणाचे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, पूर्ण ओढल्यावरच हाताला हलके लागते आणि तिथे थांबून नेम धरायचा असतो. मासा तेवढी सवड देत नाही, पुष्कळदा धनुष्य अर्धेमुर्धे ओढूनच बाण सोडावा लागतो. त्यापेक्षा साधे रिकर्व्ह, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांचे बिनचाकी धनुष्य, बरे. ओढ, म्हणजे धनुष्य ताणायला लागणारा जोर, 35 ते 45 पौंड पुरे. त्याहून जड धनुष्याने खांदा भरून येतो आणि चुकलेला बाण तळाच्या चिखलात हातभर रुततो, एवढेच. घेताना मुठीच्या पुढच्या बाजूला स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा) बसवायचे आट्यांचे भोक आहे का ते बघा, मारलेला मासा ओढून आणायला बाणाला दोरी बांधतात, ती सांभाळणारे रील बहुतेक तिथेच बसते. साइट, म्हणजे नेम धरायची पिन असलेला भाग, काढून ठेवा. इथे नजर माशावर असते, पिनवर नव्हे.

प्रश्न : घरात कार्बनचे बाण पडून आहेत. त्यांच्या शेपटाला दोरी बांधली तर?

हे अजिबात करू नका. निशाणाचा बाण साधारण 25 ते 30 ग्रॅमचा असतो. पाण्यात शिरताच त्याचा जोर संपतो. मासेमारीचा बाण भरीव फायबरग्लासचा, 5/16 इंच जाडीचा असतो आणि टोकासकट 90 ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याला पिसे नसतात. चार-सहा मीटरवर त्यांची गरज नसते, उलट पाण्यात ती बाणाला वाकडे नेतात.

खरा धोका दोरीच्या जागेत आहे. शेपटाला बांधलेली दोरी धनुष्याच्या दोरीच्या मागे लोंबते. सोडताना ती धनुष्याच्या दोरीत, बाणाच्या खाचेत किंवा मनगटाच्या पट्ट्यात अडकली, तर निघालेला बाण ताणून उलटा फिरतो आणि नेमबाजाच्या तोंडावर येतो. म्हणून बाणावर मागेपुढे सरकणारी छोटी कडी असते, तिला सेफ्टी स्लाइड म्हणतात. दोरी या कडीला बांधायची. धनुष्य ओढलेले असताना कडी रेस्टच्या, म्हणजे बाण टेकवायच्या आधाराच्या, पुढे राहते, म्हणजे दोरी कायम धनुष्याच्या दोरीपुढे असते. बाण सुटला की कडी घसरत शेपटाच्या स्टॉपरला जाऊन टेकते. धनुष्यावर कमी खर्च झाला तरी चालेल, स्लाइडवर काटकसर नको.

प्रश्न : रील कोणते घ्यावे?

तीन प्रकार मिळतात. ड्रमवर दोरी हाताने गुंडाळायची असते. ते स्वस्त आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही, पण वेळ खाते. बाटलीच्या रीलमध्ये दोरी बाटलीत सैल पडलेली असते आणि बाणाबरोबर आपोआप निघते. नवख्याने हेच घ्यावे. बटणाचे स्पिनकास्ट सर्वांत जलद, पण सोडण्यापूर्वी बटण दाबायचे राहिले की दोरी सुटतच नाही. मग ती तुटते तरी, नाहीतर बाण परत फेकते. ते वापरणार असाल तर दोरी गुंडाळून झाल्याबरोबर ‘आधी बटण, मग बाण’ हा क्रम हाताला लावून घ्या.

दोरी 200 पौंडांची, विणलेली. साधी नायलॉनची तंगूस रबरासारखी ताणते, ती नको. स्लाइडजवळची दोरी दगडांवर घासून कुरतडते. दर खेपेनंतर बोटांतून फिरवून पाहा आणि खरखरीत लागली तर तेवढी कापून पुन्हा गाठ मारा.

प्रश्न : मासा स्पष्ट दिसतो, तरी प्रत्येक बाण त्याच्या पाठीवरून जातो. का?

कारण तुम्ही मासा दिसतो तिथे मारताय. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाची दिशा बदलते, म्हणून मासा असतो त्याहून वर दिसतो. सरळ खाली पाहिले तरी एक मीटरवरचा मासा पाऊण मीटरवर भासतो, तिरपे पाहिले तर आणखी वर. बाण मात्र प्रकाशासारखा वळत नाही.

उभ्या माणसाला धरून चालणारा अंदाज असा : मासा 3 मीटर लांब आणि 30 सेंटिमीटर खोल असेल, तर दिसतो त्याच्या 10 सेंटिमीटर खाली मारा. अंतर किंवा खोली दुप्पट झाली, तर हे मापही निदान दुप्पट करा. मासा ऐन पायाखाली असेल तर बाजूचा फरक पडत नाही, थेट मारा. पाण्याजवळ बसून मारत असाल तर आणखी खाली धरावे लागते. एक मीटरहून खोल मासा सोडूनच द्या. बाणही थकलेला असतो आणि अंदाजही.

सरावासाठी प्लास्टिकची बाटली पाण्याने भरा, दोरीने वजन बांधून आधी 30, मग 60 सेंटिमीटरवर बुडवा आणि 3, 4, 5 मीटरवरून मारा. तळ मऊ हवा आणि पलीकडे कोणी नको, कारण फार तिरपा बाण पाण्यावरून उसळून पुढे जातो. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा लागतोच. ढगाळ दिवशी पिवळसर काच बरी. ऊन पाठीमागून घ्या, पण आपली सावली माशावर पडू देऊ नका.

प्रश्न : बाण लागतो, पण ओढताना मासा सुटतो.

बहुधा बाण आरपार गेलेला नसतो. टोकाचे काटे माशाच्या पलीकडच्या बाजूला उघडले तरच पकड बसते. मासा काढताना टोक एक-दोन फेरे सैल केले की काटे उलटे होतात. नंतर ते घट्ट करायचे राहते आणि पुढच्या बाणाला टोकच पाण्यात जाते. बोथट टोक कानशीने घासून घ्या.

बाण तळात रुतला तर दोरी हाताभोवती गुंडाळून हिसके देऊ नका. ताणलेली दोरी बाणाला अचानक आपल्याकडे फेकते. जवळ जा आणि दांडा धरून सरळ रेषेत उपसा.

प्रश्न : मारलेला मासा परत सोडता येतो का?

नाही, बाण लागलेला मासा जगत नाही. म्हणून तुमच्या भागात हा प्रकार मुळात चालतो का, कोणत्या जातींना आणि कोणत्या पाण्यात, परवाना लागतो का, ते आधी विचारा. अनेक ठिकाणी कार्पसारख्या ठराविक जातींनाच परवानगी असते. जात ओळखता आली नाही तर बाण सोडू नका. मासे खायचे की खतात घालायचे तेही निघण्यापूर्वी ठरवा, काठावर कुजायला टाकू नका.