वाचकांचे प्रश्न : दावणीला बांधलेली अक्षरे

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर (सोर्स कोड) कोणालाही वाचता-बदलता येतो असे, वापरावे की बड्या कंपन्यांचेच चालू ठेवावे, आणि एकदा एका कंपनीत अडकल्यावर बाहेर कसे पडावे, या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार येथे घेत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण तो प्रश्न एकट्या पत्रलेखकाचा नसून मराठीत अक्षरजुळणी करणाऱ्या एका संपूर्ण पिढीचा आहे.

प्रश्न : गिरगावात आमचे छोटे मुद्रणालय आहे. वडिलांच्या काळातील खिळे जाऊन डीटीपी (संगणकावरील अक्षरजुळणी) आले, तेव्हापासूनच्या स्मरणिका, अहवाल आणि लग्नपत्रिका संगणकात साठवलेल्या आहेत. ज्या मराठी फॉन्टवर हे काम केले, त्याचे डोंगल, म्हणजे संगणकाला लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ते कुलूपवजा उपकरण, गेल्या वर्षी बिघडले. कंपनीचे म्हणणे असे की ती आवृत्ती बंद झाली असून नवी विकत घ्यावी लागेल. आता जुनी फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो. त्यातच विंडोज १० ची मुदत संपल्याने तिन्ही संगणक बदला, असा सल्ला मिळतो आहे. सगळेच लिनक्सवर न्यावे का? – एक मुद्रक, गिरगाव

उत्तर : लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा विचार आपण जरूर करावा, पण आपले मुख्य दुखणे त्याने बरे होणारे नाही. आपल्या फाइलींमध्ये मराठी मजकूर मुळात साठवलेलाच नाही, ही खरी अडचण आहे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत, म्हणजे संगणकाच्या लेखी तेथे इंग्रजी 'के' किंवा 'डी' असे आणि त्या अक्षराला मराठी पोशाख चढवण्याचे काम तेवढे फॉन्ट करी. पोशाख काढून घेतला की उरतो तो आपण म्हणता तो काला. प्रत्येक कंपनीने ही चित्रे आपापल्या क्रमाने बसवली, त्यामुळे एकीच्या फॉन्टमधील मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येईना, आणि आपल्याच लेखनासाठी आपण एका डोंगलच्या दावणीला बांधले गेलो.

त्या काळी काही नियमच नव्हते, असे मात्र नाही. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले होते, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, पहिल्या आवृत्तीत इस्कीच्याच आधारे देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. परंतु छापखान्यांत पानांच्या मांडणीच्या ज्या पेजमेकर या प्रोग्रॅमवर काम चालत असे, त्याला युनिकोड कधीच उमगले नाही. त्यामुळे मुद्रकांना दोष देण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी अंक छापायला द्यायचा आहे अशा माणसाने मानकांची वाट पाहायची नसते.

आता उपाय. नवे डोंगल घ्यायचेच असेल, तर ते शेवटचे आणि सुटकेसाठीचे म्हणून घ्यावे, आणि त्याच्या मदतीने सर्व मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवावा. प्रचलित फॉन्टसाठी रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर विनामूल्यही मिळतात. आपला फॉन्ट त्यांत असेल, तर डोंगलवाचूनही बराच मजकूर सुटेल. मात्र यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकित होत असे, युनिकोडमध्ये दोहोंचा क्रम नेमका उलटा साठवला जातो, आणि ही उलथापालथ करताना रूपांतरक चुकतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतील ऱ्य तर हमखास बिघडतो. म्हणून एखाद्या जुन्या मुद्रितशोधकाला हाताशी धरावे आणि सर्वांत मोलाच्या कामापासून सुरुवात करावी. चौदा वर्षांपूर्वीच्या लग्नपत्रिका सोडवल्या नाहीत, तरी कोणाचे लग्न अडणार नाही.

फॉन्टबाबत मात्र मुंबईकराने फार दूर जाण्याची गरज नाही. विंडोजमधील 'मंगल' या फॉन्टचे आरेखन करणारे र. कृ. जोशी याच शहरात पवईच्या आयआयटीत शिकवत होते, आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून त्यांनीच केलेले देवनागरी 'रघु' मुक्त परवान्याखाली बाहेर पडले. म्हणजे एकाच हाताने घडवलेली अक्षरे एकीकडे बंदिस्त आणि दुसरीकडे मोकळी अशा दोन्ही वाटांनी गेली. आज मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. ते व्यावसायिक छपाईसाठी वापरावेत, पुस्तकात बसवावेत, हवे तर त्यांत बदलही करावेत. कोणी डोंगल मागणार नाही.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली. ज्या कंपनीने ते विकले, तिच्या आजच्या इनडिझाइनमध्येही त्या फाइली उघडत नाहीत; त्या उघडायच्या तर इनडिझाइनचीच जुनी आवृत्ती शोधावी लागते. लिबरऑफिसमधील ड्रॉ हा मुक्त प्रोग्रॅम मात्र पेजमेकरच्या आणि कोरल या चित्रकामाच्या प्रोग्रॅमच्याही बऱ्याच फाइली उघडून दाखवतो, कारण काही स्वयंसेवकांनी चिकाटीने त्या फाइलींची रचना उलगडून काढली. मांडणी जशीच्या तशी येईल अशी अपेक्षा ठेवू नये, पण मजकूर आणि चित्रे हाती लागणे हेही थोडे नव्हे.

संगणकांविषयी थोडक्यात सांगतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय यंत्रात असावी लागते, म्हणून चालती यंत्रे भंगारात काढण्याची वेळ आली आहे. तीनपैकी एका यंत्रावर लिनक्स आणि स्क्रायबस हा मुक्त डीटीपी प्रोग्रॅम घालून तीन महिने किरकोळ कामे करून पाहावीत. स्क्रायबसमध्ये छपाईचे चार रंग आणि देवनागरी जोडाक्षरे आता नीट जुळतात. प्लेट काढणारा कोरलचीच फाइल मागतो, अशी तक्रार आपण कराल आणि ती रास्तही आहे. त्याला पीडीएफ घेण्याची सवय लावावी. पीडीएफही एकेकाळी एका कंपनीची मालमत्ता होती, २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. जाहिरातीच्या रंगीत कामांसाठी एक यंत्र विंडोजवर ठेवावे लागले, तर त्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : लालबागमधील आमच्या पतसंस्थेचे सर्व हिशेब एका स्थानिक विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवर आहेत. दर वर्षी देखभालीचा आकार वाढतो. आम्ही दुसरीकडे जाण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आमचीच माहिती आम्हाला देण्यासाठी त्यांनी वेगळी रक्कम सांगितली. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट असते, तर ते घेऊन मोकळे व्हावे का? – मानद सचिव, एक पतसंस्था

उत्तर : मुंबईत भाड्याची जागा 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर घेतली जाते, आणि त्या करारात राहण्याची मुभा मिळते, जागेवर हक्क मिळत नाही, हे आपल्या सभासदांपैकी निम्म्यांना तरी अनुभवाने ठाऊक असेल. सॉफ्टवेअरचे लायसन्सही त्याच जातीचे असते. फरक एवढाच की खोली सोडताना आपण आपले कपाट आणि भांडी टेम्पोत भरून नेतो, आणि येथे मात्र घरमालक म्हणतो की कपाट तुमचे खरे, पण ते माझ्या दारातून बाहेर निघेल अशा मापाचे नाही. आपल्या विक्रेत्याने मागितलेली रक्कम ही त्या दाराची किंमत आहे.

म्हणून आधी करार काढून वाचावा. माहितीची मालकी संस्थेची आहे, हे वाक्य त्यात बहुधा सापडेल. ती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चात परत द्यायची, हे वाक्य बहुधा सापडणार नाही. नूतनीकरणाच्या वेळी, म्हणजे विक्रेत्याला आपली सही हवी असते त्या एकमेव क्षणी, हे कलम घालून घ्यावे. दर महिनाअखेरीस सभासदांची यादी, किर्द, खतावणी आणि तेरीज सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, मागावी. पीडीएफ स्वीकारू नये, कारण ती वाचता येते पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ भरता येत नाही. आणि मिळालेली फाइल नुसती कपाटात न ठेवता एखाद्या महिन्याची तेरीज तिच्यावरून दुसऱ्या संगणकावर जुळवून पाहावी. न तपासलेल्या प्रतीवर मी स्वतः एकदा विसंबलो होतो, आणि ऐन लेखापरीक्षणाच्या आठवड्यात तिच्यात कर्जखात्यांचे अर्धे रकानेच नाहीत असे आढळले.

आता 'फुकट' या शब्दाविषयी. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे देण्याची मोकळीक असते, पण तो आपल्या संस्थेच्या नियमांत बसवणाऱ्या माणसाचे श्रम फुकट नसतात. ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि व्यवसाय-व्यवस्थापनाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मुंबईतच घडले आणि जगभर वापरले जाते. तरीही ते उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पिग्मीची वसुली त्यात सुरू झाली, असे होणार नाही. ते जुळवून घेण्यास पैसे आणि काही महिने लागतील. बदल्यात मिळते ते असे, की काम करणारी संस्था बुडाली किंवा भाव वाढवू लागली, तर तोच प्रोग्रॅम दुसऱ्या जाणकाराच्या हाती देता येतो. ओपनऑफिस हे मुक्तस्रोत कार्यालयीन सॉफ्टवेअर ज्या कंपनीच्या छत्राखाली होते ती सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा ओपनऑफिस घडवणाऱ्या बहुतेक मंडळींनी त्याच वर्षी मूळ मजकूर उचलून लिबरऑफिस हे वेगळे बिऱ्हाड थाटले, आणि वापरणाऱ्यांच्या फाइली तिकडेही तशाच उघडत राहिल्या. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत अशी वाटणी होऊच शकत नाही.

एक सावधगिरी. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवून देणाराही आपल्याला दावणीला बांधू शकतो. सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे, संकेतस्थळाचे नाव त्याच्या खात्यावर आणि केलेल्या बदलांची नोंद कोठेच नाही, अशी स्थिती असेल तर परवाना कितीही मोकळा असो, संस्था मोकळी नाही. या तीन गोष्टी पहिल्या दिवशीच संस्थेच्या नावावर कराव्यात.

आपल्या संस्थेसारख्या लहानांवरच ही वेळ येते, असेही समजू नये. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा जुलै २०२५ मध्ये, युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर, मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असूनही आपलाच ईमेल आणि आपलीच माहिती हाती येईना, असे कंपनीचे म्हणणे होते. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पतसंस्थेला असा वकील परवडणार नाही, म्हणून तिने कलम आधी घालून घ्यावे.

प्रश्न : ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर चोरालाही वाचता येतो, ते सुरक्षित कसे? आणि बिघडले तर जबाबदार कोण? – एक बँक कर्मचारी, मुलुंड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आणि दोन्ही पक्षांना सारखेच लागू आहे. बंदिस्त सॉफ्टवेअर घेताना आपण न वाचता 'मान्य' म्हणतो त्या मजकुरातही कंपनीने आपली जबाबदारी बहुधा भरलेल्या रकमेपुरतीच मर्यादित केलेली असते. पहिला प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्सच्या अनेक वितरणांत असलेल्या एका लहानशा साधनात मुद्दाम घुसवलेले चोरदार सापडले. ते साधन वर्षानुवर्षे जवळजवळ एकटा स्वयंसेवक सांभाळत होता, आणि त्याचा विश्वास दोनेक वर्षे खपून संपादन करणाऱ्या एका 'मदतनिसाने' ते दार बसवले. ते उघडकीस आले ते अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या किरकोळ शंकेवरून त्याने मूळ मजकुरापर्यंत माग काढला. गमतीचा भाग असा की तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता. मजकूर खुला असल्यामुळेच त्याला शेवटपर्यंत जाता आले, आणि तो सांभाळायला माणसे नसल्यामुळेच चोर आत आला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या बँकेने अशा साधनांवर कारभार चालवायचा असेल, तर ती सांभाळणाऱ्यांना पैसे देण्याची तरतूदही अंदाजपत्रकात करावी, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत परदेशी सॉफ्टवेअरऐवजी स्वदेशी घ्यावे असा ठराव झाला आहे. स्वदेशी म्हणजेच मुक्तस्रोत का? मुलांना शिकवायला मराठीत काही मिळेल का? – एक शिक्षिका, विक्रोळी

उत्तर : नाही. झोहो ही भारतीय कंपनी आहे आणि तिचे कार्यालयीन सॉफ्टवेअर अनेकांना आवडते, परंतु त्याचा मूळ मजकूर खुला नाही. उलट लिबरऑफिसची संस्था जर्मनीत नोंदलेली आहे, आणि तरीही त्याची प्रत आपल्या शाळेने एकदा घेतली की ती परत मागण्याचा अधिकार कोणालाच नाही. ठरावात देशाबरोबर फाइलीच्या स्वरूपाचाही उल्लेख करावा. शाळेचे कागद ओडीएफ या खुल्या मानकात साठवले जावेत, एवढे लिहिले तरी पुढे सॉफ्टवेअर बदलताना त्रास होणार नाही.

मराठीत शिकवण्याची सोय तर आपल्या विक्रोळीपासून हाकेच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीत झालेली आहे. तेथील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिबरऑफिससह अनेक मुक्त प्रोग्रॅमचे पाठ मराठी निवेदनासह तयार केले आहेत. एकेक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो आणि तो आधी उतरवून घेता येतो, त्यामुळे वर्गात इंटरनेट नसले तरी अडत नाही. पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ आणि दुसऱ्या अर्ध्यात प्रोग्रॅम उघडा ठेवून, जागोजागी पाठ थांबवत, मुलांना तीच कृती करू द्यावी. पहिल्या तासाला दोन मुलांमागे एक संगणक असला तर उत्तम, म्हणजे एकजण चुकला की दुसरा लगेच दाखवून देतो.