देखणी चित्रं, रिकामे हात
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत, एकाची चित्रं, दुसऱ्याचा कोड. जलरंगातल्या जगात चालत, उड्या मारत जाण्याचा गेम वर्षभर करतोय. स्क्रीनशॉट पाहून लोक भरभरून कौतुक करतात, पण डेमो हातात दिला की पंधरा-वीस मिनिटांत बाजूला ठेवतात. एवढी देखणी चित्रं गेम तारून नेऊ शकत नाहीत का?

उत्तर : वीस मिनिटं तारला ना! नुसत्या चित्रांकडून याहून जास्त मागू नये. डोळा फार लवकर सरावतो. पहिल्या दृश्यापाशी थबकलेला खेळाडू त्याच शैलीतलं चौथं दृश्य धावत ओलांडतो. तोवर त्याचं लक्ष हातांकडे गेलेलं असतं आणि हातांना उडीपलीकडे कामच नसतं.

अशा वेळी ‘ग्रिस’चं (2018) नाव हमखास निघतं. तोही जलरंगी, त्यात नायिका मरतही नाही. पण त्यातला वाळवंटाचा भाग नीट पाहा. वारा नायिकेला मागे रेटतो. बटण दाबून धरलं की तिच्या झग्याचा जड, चौकोनी ठोकळा होतो आणि ती जागच्या जागी रोवून उभी राहते. वारा पडला की चालायचं, आला की ठोकळा. याच ठोकळ्याने ठिसूळ जमीन फोडून खालीही जाता येतं. म्हणजे बटणामुळे चित्र बदललं आणि बदललेल्या चित्राने वाट उघडली. ‘गोरोगोआ’ (2017) तर चित्रांच्या चौकटी सरकवण्याचा, एकीवर एक ठेवण्याचाच खेळ. त्यातून चित्र काढलं तर खेळच उरत नाही. तुमच्या गेममधून चित्र काढलं तर? बहुधा तोच गेम उरेल, फक्त कमी देखणा.

खात्री करून घ्या. एक लेव्हल निवडा, सगळी चित्रं लपवा. जमीन करड्या ठोकळ्यांची, नायक म्हणजे एक उभा आयत, संगीत बंद. गेम कधीच न पाहिलेल्या पाच जणांना खेळायला द्या आणि मागे गप्प बसा. (हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड.) दोनच गोष्टी टिपा : हात कुठे रेंगाळले आणि गरज नसताना कोणती गोष्ट पुन्हा करून पाहिली. ही दुसरी नोंद सोन्यासारखी. पाचांपैकी एकानेही काही पुन्हा करून पाहिलं नाही, तर रंग भरून ती ओढ येणार नाही. ‘ब्रेड’ (Braid) या गेमच्या साध्या चित्रांच्या कच्च्या नमुन्याला 2006 मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये डिझाइनचं पारितोषिक मिळालं. डेव्हिड हेलमन यांची रंगवलेली चित्रं त्यात नंतर आली आणि गेम 2008 मध्ये बाहेर पडला.

वर्षाची मेहनत मात्र फेकू नका. जलरंग स्वतःच काय करतो ते बघा : ओल्या कागदावर पसरतो, कोरड्यावर थांबतो. नायक थांबला की त्याच्या पायाखालून रंग पसरावा आणि वाळेपर्यंत त्यावर चालता यावं, एवढी एकच क्रिया घ्या. पहिल्या लेव्हलमध्ये ती बिनधोक करू द्या, दुसरीत खाली खड्डा ठेवा, तिसरीत पावसाने रंग धुऊन जाऊ द्या. आधी हे करड्या ठोकळ्यांवरच जमवा.

प्रश्न : नायकाचं अ‍ॅनिमेशन हाताने काढलंय, सेकंदाला 12 चित्रं. दिसतं सुरेख, पण खेळणारे ‘जड वाटतं’ म्हणतात.

उत्तर : हिशेब करा. एक चित्र सुमारे 83 मिलिसेकंद टिकतं. उडीआधी गुडघे वाकवण्याची तीन चित्रं असतील, तर बटण दाबूनही पाव सेकंद पाय जमिनीलाच! पडद्यावर नुसतं बघताना हे शोभतं, कंट्रोलर हातात असताना खुपतं. बटण दाबल्याच्या पुढच्याच फ्रेमला (पडदा पुढच्या वेळी नव्याने काढला जातो तेव्हा) नायक वर उचलला गेला पाहिजे. वाकण्याचं चित्र एकच ठेवा, तेही हवेत असताना दिसलं तरी चालेल. वजन दाखवायची हौस खाली टेकतानाच्या दणक्यात भागवा. हालचाल सेकंदाला 60 फ्रेमने मोजा, चित्रं आपल्या गतीने बदलोत. ‘कपहेड’मध्ये (2017) चित्रं 24ने बदलतात, खेळ 60ने चालतो.

आणखी एक. कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण 0.1 सेकंद उडी मान्य करा, आणि टेकण्याआधी तेवढाच वेळ दाबलेलं बटणही लक्षात ठेवा. रंगवलेल्या कड्यांना ही सूट हवीच. तिथे गवताची पाती बाहेर लोंबत असतात. डोळ्याला जमीन दिसते, कोडच्या लेखी ती केव्हाच संपलेली असते.

प्रश्न : पार्श्वभूमी भरगच्च असल्याने लोक खड्ड्यात पडतात. बाण दाखवू का?

उत्तर : नको. स्क्रीनशॉटमधला रंग काढा आणि चित्र नखाएवढं करा. नायक आणि पाय ठेवायची जागा दिसेनाशी झाली, तर गडद-फिक्याची विभागणी चुकली आहे. दूरचे थर फिके करा, चालायच्या जागेची वरची कड सगळीकडे एकाच जातीची ठेवा. आणि कॅमेऱ्यापुढून सरकणाऱ्या त्या फांद्या उडीच्या जागेवरून हटवा. ट्रेलरमध्ये वाहवा मिळवतात, खेळताना शिव्या.

प्रश्न : एवढी चित्रं काढायची तर गेम दोन तासांच्या पुढे जात नाही. चालेल?

उत्तर : चालेल. ‘जर्नी’सुद्धा (2012) साधारण तेवढाच. फक्त स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा नियम माहीत असू द्या : खरेदीपासून 14 दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. म्हणजे शेवट पाहूनही कोणी पैसे परत मागू शकतं. त्या धास्तीने मध्ये रिकामी चाल घालून लांबवू नका. कंटाळलेला माणूस तर आधी परत करतो. विक्रीच्या पानावर लांबी स्पष्ट लिहा आणि ट्रेलरच्या पहिल्या दहा सेकंदांत बटण दाबल्यावर काय होतं ते दाखवा. सूर्यास्त त्यानंतर.